मॅनेजमेंट गेल्यावर

अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचे सामने बघायला येणाऱ्या आम्हा मंडळींत दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्या हातात क्लब होता तोवर तो आपला वाटायचा. नंतर सगळं मँचेस्टरहून ठरायला लागलं. यावर दुसरा तट उसळतो. आपला वाटायचा म्हणजे नेमकं काय व्हायचं? दर हंगामाला नवा गडी नवं राज्य, नाव मोठं पण पाय थकलेले परदेशी, आणि शेवटी हात हलवत परत. मँचेस्टर सिटीचा मालक असलेला सिटी फुटबॉल ग्रुप आला आणि चार हंगामांत दोनदा साखळीत पहिलं येऊन शील्ड, दोनदा फायनल जिंकून कप. आणखी काय हवं?

हा वाद आझादनगर स्टेशनला उतरल्यापासून सुरू होतो, वीरा देसाई रोडवरच्या चहाला रंगतो आणि हाफटाइमला पुन्हा पेटतो. मीही त्यात वर्षानुवर्षं हिरिरीने बोलत आलो आहे, कधी या बाजूने तर कधी त्या. २०२५च्या डिसेंबरअखेर मात्र या वादाचा पायाच हलला. सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडून दिला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांकडे गेला. ज्याला आम्ही ‘जुनं मॅनेजमेंट’ म्हणत होतो ते आता नवं झालं, आणि नवं होतं ते जुनं. ‘तेव्हा बरं होतं की आता’ हा प्रश्न विचारायची सोयच उरली नाही. तेव्हापासून मला दुसराच प्रश्न छळतोय: ही माणसं जातात, तेव्हा मागे काय राहतं?

आधी जुन्या काळाबद्दल बोलतो, कारण त्याच्यावर हल्ली फार अन्याय होतो.

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा आपल्याकडे कोणालाच व्यावसायिक क्लब असा चालवायची सवय नव्हती. मुंबई सिटी तेव्हा नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये खेळायची. पहिला सामना कोलकात्यात सॉल्ट लेकला, ०-३ हरलो. आठवडाभरात घरच्या मैदानावर पुण्याला ५-० असं लोळवलं, आंद्रे मॉरित्झने लीगच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक केली. कोच पीटर रीड, म्हणजे १९८६च्या वर्ल्डकपमध्ये मॅराडोना इंग्लंडचा अख्खा संघ चुकवत गेला तेव्हा त्याच्या मागे धावणाऱ्यांपैकी एक. संघात आर्सेनलवाला फ्रेडी युंगबर्ग, शिवाय निकोला अनेल्का. युंगबर्ग मोजकेच सामने खेळला. दुसऱ्या वर्षी अनेल्कालाच खेळाडू आणि कोच अशी दोन्ही कामं दिली. सुनील छेत्रीला लिलावात १ कोटी २० लाखांना घेतलं. एवढं करून संघ सहावा. त्याच हंगामात गोव्याने फातोर्ड्याला आपल्याला ७-० हरवलं. त्या रात्री फोन बंद करून झोपलेले लोक मला माहीत आहेत.

ही सगळी यादी वाचली की जुनं मॅनेजमेंट म्हणजे हौस आणि पैसा, असं वाटतं. पण तेव्हा लीगची रचनाच तशी होती. दोन-अडीच महिन्यांचा हंगाम, लोकांनी टीव्ही लावावा म्हणून एखादा ‘मार्की’ खेळाडू, कोचशी एका वर्षाचा करार. त्यात कोणी पाच वर्षांचा विचार करावा अशी अपेक्षाच नव्हती. आणि तरीही या लोकांनी २०१६ साली एक गोष्ट केली, जिचं श्रेय त्यांना कधी मिळत नाही. त्यांनी क्लब नेरूळहून अंधेरीला आणला.

डी. वाय. पाटील भव्य आहे, पण क्रिकेटसाठी बांधलेलं आहे. खेळ समोर चाललाय आणि आपण तो लांबून पाहतोय, असं तिथे वाटत राहायचं. अंधेरीचं शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल महापालिकेचं, लहानसं, सात हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं. पण पुढच्या रांगेत बसलात तर गोलकीपरचं ओरडणं ऐकू येतं. अमरिंदर सिंग बचावफळीला पंजाबीमिश्रित हिंदीत जे काही सुनवायचा, ते आम्हाला पाठ होतं. कॉर्नर घ्यायला आलेला खेळाडू चेंडू ठेवताना गवत हाताने दाबतो, बुटाच्या टोकाने माती उकरतो, पंचाकडे बघून मोज्यात काहीतरी नीट करतो, हे सगळं दिसतं. मी फुटबॉल टीव्हीवर वाढलेला माणूस. खेळाडूच्या छातीचा भाता किती जोरात हलतो, हे मला अंधेरीत कळलं. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या आमच्या चाहत्यांच्या गटाचे ढोल तिथे पत्र्याखाली असे घुमायचे की शेजारच्याशी बोलायला कानाशी लागावं लागायचं. मुंबईच्या प्रेक्षकाला क्लबची सवय लागली ती या मैदानामुळे.

त्याच वर्षी कोच अलेक्झांडर गिमारेस यांचा संघ १४ सामन्यांत २३ गुण मिळवून गुणतक्त्यात पहिला आला. दिएगो फोर्लान, २०१० वर्ल्डकपचा सर्वोत्तम खेळाडू, अंधेरीत हॅटट्रिक करून गेला. सेमीफायनलच्या पहिल्या लेगला कोलकात्यात ३-२ असे हरलो आणि फोर्लानला लाल कार्ड मिळालं. दुसरा लेग घरी ०-०. तक्त्यात पहिलं येण्याला तेव्हा शील्ड नव्हती, त्यामुळे त्या संघाचं नाव कुठल्याच फलकावर नाही. मला तो संघ फार आवडायचा. पुढे २०१८मध्ये जॉर्ज कोस्टा आले, २००४ साली चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या पोर्तोचे कर्णधार. त्यांनी पहिल्याच हंगामात तिसरा क्रमांक आणला. मोदू सूगूने त्या वर्षी १२ गोल केले, त्यातले चार एका सामन्यात केरळविरुद्ध. मग सेमीफायनलला पुन्हा गोवा. अंधेरीत आपण आधी गोल केला आणि १-५ हरलो. परतीच्या सामन्यात फातोर्ड्याला १-० जिंकलो, त्याचा उपयोग काही नव्हता. कोस्टा २०२५च्या ऑगस्टमध्ये अचानक गेले. बातमी वाचली तेव्हा रेषेवर हाताची घडी घालून उभे असलेले ते डोळ्यांसमोर आले. चांगला कोच आणि सभ्य माणूस.

तर २०१९च्या नोव्हेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला. मँचेस्टर, न्यूयॉर्क, मेलबर्न, जिरोना अशा त्यांच्या क्लबांत मुंबई आठवी. आमच्यापैकी काहींनी त्या दिवशी पेढे वाटले. काहींनी ‘आता आपण शाखा झालो’ म्हणून हळहळ व्यक्त केली. दोन्ही प्रतिक्रिया मला समजतात.

त्या ग्रुपने पैसा आणला हे सगळेच सांगतात. त्यांनी आणलेली मोठी गोष्ट म्हणजे क्रम. आधी कसं खेळायचं ते ठरवायचं, मग तसं खेळवणारा कोच शोधायचा, मग त्याला लागणारे खेळाडू. आपल्याकडे तोवर उलटं चालायचं: आधी नाव, मग कोच, मग उरलेल्या पैशात भारतीय खेळाडू. २०२०मध्ये त्यांनी सर्जिओ लोबेराला आणलं, ज्याला गोव्याने संघ तक्त्यात वर असताना काढून टाकलं होतं. त्याच्या मागोमाग ह्यूगो बूमूस, मुर्तदा फॉल, अहमद जाहू आणि मंदार राव देसाई हे चौघेही गोव्याहून मुंबईला आले.

मडगावला माझा एक मित्र आहे, एफसी गोवाचा पहिल्या दिवसापासूनचा भक्त. त्याचा फोन आला. तो चिडला नव्हता, दुखावला होता. म्हणाला, ‘‘तुमी आमचो टीम व्हरून गेल्यात. मंदार लेगीत.’’ म्हणजे, तुम्ही आमचा संघच घेऊन गेलात, मंदारसुद्धा. मंदार गोव्याचा मुलगा, गोव्यासाठी जीव टाकून खेळलेला. त्याचं जाणं त्या मित्राला परदेशी तिघांच्या जाण्याहून जास्त लागलं होतं. मला जिंकायचं होतं, त्यामुळे मी त्याचं ऐकून घेतलं आणि गप्प राहिलो. पण मॅनेजमेंटचं मोजमाप करताना त्याचं वाक्य मला विसरता येत नाही. चांगलं मॅनेजमेंट एका गावाचा आनंद वाढवतं तेव्हा दुसऱ्या गावाचा कमी करतं, आणि दोन्हीकडे फुटबॉलवर प्रेम करणारी आपलीच माणसं असतात.

तो हंगाम कोरोनामुळे सगळा गोव्यातच झाला, रिकाम्या स्टेडियममध्ये. शेवटच्या साखळी सामन्यात एटीके मोहन बागानला २-० हरवलं, दोघांचे गुण ४०-४० झाले आणि आपसातल्या निकालावर शील्ड आपल्याला मिळाली. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्याला त्याच संघाविरुद्ध फायनल. डेव्हिड विल्यम्सच्या गोलने ते पुढे, त्यांच्याच तिरीच्या स्वयंगोलने बरोबरी, आणि ९०व्या मिनिटाला आपल्या ओग्बेचेने पुढे धावून मिळवलेला चेंडू बिपिन सिंगकडे आला आणि त्याने तो जाळ्यात मारला. एकाच हंगामात शील्ड आणि कप दोन्ही जिंकणारा पहिला संघ. मी घरात एवढ्या जोरात ओरडलो की वरच्या मजल्यावरचे विचारायला आले.

आणि इथेच माझ्या मते दोन्ही तटांनी थांबून विचार करायला हवा. तो विजयी गोल मारणारा बिपिन सिंग २०१८ साली क्लबमध्ये आला, म्हणजे जुन्या मॅनेजमेंटच्या काळात. करंडक उचलणारा कर्णधार अमरिंदर सिंग २०१६पासूनचा, तोही जुन्यांनी आणलेला. नव्यांनी दिलेली पद्धत आणि जुन्यांनी जमवलेली माणसं एकत्र आली म्हणून तो दिवस उगवला. पण आमच्या वादात कोणी हे बोलत नाही, कारण त्याने कुठल्याच बाजूचं पारडं जड होत नाही.

ग्रुपची दुसरी खरी करामत म्हणजे बदली तयार असणं. लोबेरा एका हंगामानंतर गेला तर मेलबर्न सिटीतून डेस बकिंगहॅम आला. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये बकिंगहॅम हंगाम अर्धवट टाकून आपल्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेला, तर पुन्हा मेलबर्नहूनच पीटर क्रॅट्की आला. मधल्या काळात ग्रेग स्ट्युअर्टसारखा मोहरा क्लब सोडून गेला. तरी खेळाची घडी विस्कटली नाही, आणि ४ मे २०२४ला सॉल्ट लेकवर मोहन बागानच्या घरात जाऊन ३-१ असा कप आणला. जुन्या काळात कोच हंगामाच्या मध्यात गेला असता तर उरलेले सामने आम्ही उपचार म्हणून पाहिले असते. हे काम प्रेक्षकाला दिसत नाही. कुठल्या तरी खोलीत कोणीतरी आधीच नावं लिहून ठेवलेली असतात, म्हणून मैदानावर गोंधळ होत नाही. त्या न दिसणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

बकिंगहॅमच्या काळातला २०२२-२३चा हंगाम तर मी आयुष्यभर जपून ठेवीन. २० सामने, ५४ गोल, ४६ गुण, ओळीने १८ सामने अपराजित. डावीकडे बिपिन, उजवीकडे लालियानझुआला छांगते, मध्ये स्ट्युअर्ट आणि पुढे होर्हे परेरा दियाझ. छांगतेच्या पायात चेंडू आला की स्टँड आपोआप उभा राहायचा. त्या वर्षी शील्ड मिळाली, कप नाही. सेमीफायनलला बंगळुरूने पेनल्टींवर ९-८ असं हरवलं.

आता छांगतेचीच गोष्ट घ्या. लोक म्हणतात, सिटी ग्रुपने त्याला घडवलं. चेन्नईहून येऊन तो मुंबईत फुलला आणि २०२२-२३मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे खरं आहे. पण मिझोरमचा हा पोरगा मुळात घडला पुण्यात, डीएसके शिवाजियन्सच्या ॲकॅडमीत. लिव्हरपूल क्लबशी जोडलेली ती ॲकॅडमी. २०१७मध्ये तो क्लबच बंद पडला. पुण्याच्या मैदानावर पहाटे कोणीतरी या मुलाकडून डाव्या पायाने हजारदा पास मारून घेतले असतील, त्या माणसाचा क्लब आज अस्तित्वात नाही, आणि त्या कामाचं फळ अंधेरीत आम्ही खाल्लं.

पुण्याचं दुःख मोठं आहे. अशोक पिरामल ग्रुपचा पुणे एफसी तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय स्पर्धेत, आय-लीगमध्ये, उपविजेता ठरला होता, त्याची निवासी ॲकॅडमी देशात नावाजलेली होती. २०१५मध्ये तो बाहेर पडला. मग डीएसके शिवाजियन्स गेला. मग २०१९मध्ये एफसी पुणे सिटी गेला, त्याची लीगमधली जागा हैदराबादला मिळाली आणि २०२५मध्ये तीच जागा तिथूनही उचलून दिल्लीला नेली. बालेवाडीला नारिंगी शर्ट घालून बसणाऱ्या लोकांशी मी बोललो आहे. त्यांच्याकडे जुन्या-नव्या मॅनेजमेंटची तुलना करायला काही शिल्लकच नाही. आम्ही मुंबईकर वाद घालतो, हीसुद्धा चैन आहे.

आणि मुंबईलाही हे नवं नाही. आमच्या स्टँडमध्ये एक काका येतात, कूपरेजवर रोव्हर्स कप बघत वाढलेले. १८९१ साली सुरू झालेली ती स्पर्धा आता होत नाही. काकांचा जीव महिंद्रा युनायटेडवर होता. २००५-०६ला महिंद्राने राष्ट्रीय लीग जिंकली. चार वर्षांनी, २०१०मध्ये, क्लब बंद केल्याचं जाहीर झालं. हरणारा, कर्जात बुडालेला क्लब नव्हता तो. मुंबई एफसीही होता, खालिद जमीलसारख्या कोचने मोजक्या पैशात वर्षानुवर्षं त्याला आय-लीगमध्ये टिकवून ठेवलं. २०१७ला तोही खाली घसरला आणि संपला. सिटी ग्रुप गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘अरे, या वेळी निदान कोणीतरी परत घ्यायला तरी आहे. आमच्या वेळी शटरच ओढलं होतं.’’

ग्रुप का गेला, यावरही भरपूर बोललं जातं, आणि त्यात त्यांना शिव्या घालणारे बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. २०१०मध्ये महासंघाने व्यावसायिक हक्कांचा पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींचा जो करार केला होता, त्याची मुदत ८ डिसेंबर २०२५ला संपली. त्याआधी महिनोन्‌महिने पुढे काय होणार हे कोणी ठामपणे सांगू शकत नव्हतं. लीगचे व्यावसायिक हक्क विकायला काढले तर बोली लावायला कोणी पुढे आलं नाही. क्लब पगार देत होते आणि पुढचा सामना कधी, हे खेळाडूंनाच ठाऊक नव्हतं. अशा अवस्थेत हिशोब बघून निर्णय घेणारा मालक हिशोबच बघणार. ज्या शिस्तीचं आम्ही चार वर्षं कौतुक केलं, त्याच शिस्तीने त्यांनी निघायचं ठरवलं. मला त्याचं वाईट वाटलं, पण त्यात फसवणूक दिसली नाही. जानेवारी २०२६मध्ये क्रीडामंत्र्यांनी १४ संघांची, ९१ सामन्यांची आखूड लीग १४ फेब्रुवारीपासून होईल असं जाहीर केलं, तेव्हा मूळ मालक क्लब सांभाळायला जागेवर होते, ही जमेची बाजू आहे.

तरीही मागे काय राहिलं, हे मी मोजत राहतो. कपाटात चार करंडक आहेत. क्लबचं चिन्ह बदललं, ग्रुपच्या बाकीच्या क्लबांसारखं गोल झालं, ते राहिलं. रियाधमधली २०२२ची ती रात्र राहिली, इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध एका गोलने मागे पडूनही २-१ जिंकलो आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरलो. विजयी हेडर राहुल भेकेचा. मुंबईचा मुलगा, मराठी घरातला. याच राहुलने २०१९ची फायनल अंधेरीत, आमच्याच मैदानावर, ११७व्या मिनिटाला हेडर मारून बंगळुरूला जिंकून दिली होती. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवत एकमेकांना विचारत होतो, हा आपल्या गावचा पोरगा आपल्याकडे का नाही? नव्या मॅनेजमेंटने त्याला २०२१मध्ये घरी आणलं, आणि २०२४चा कप त्यानेच कर्णधार म्हणून उचलला. हे मी त्यांच्या खात्यात मोठ्या अक्षरांत लिहितो.

पण राहुलनंतर कोण, असं विचारलं की सगळे गप्प होतात. मुंबईत घडलेला, मुंबईसाठी सातत्याने पहिल्या अकरात खेळणारा मुलगा शोधायला दोन्ही राजवटींत फार मेहनत करावी लागते. आणि मैदान? ते आजही महापालिकेचं, आम्ही भाडेकरू. २०२३मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या निकषांत अंधेरी बसेना म्हणून घरचे सामने आम्हाला पुण्यात आणि नेरूळला खेळावे लागले. सौदीचा अल हिलाल भारतात आला, त्यांचा नेमार दुखापतीमुळे आलाच नाही, आणि आपण सहाही सामने हरलो. हरण्याचं मला काही वाटलं नाही. घरचा सामना बघायला बालेवाडीला जावं लागलं, याचं वाटलं.

माझं आजोळ कोल्हापूरचं. तिथे पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर लीग खेळतात आणि सामन्याच्या दिवशी पेठा ओस पडतात. तिथे ‘मॅनेजमेंट’ कुठल्या इमारतीत बसत नाही. संघाचा कारभार बघणारा माणूस त्याच गल्लीत राहतो, सकाळी दूध आणायला त्याच कोपऱ्यावर येतो, आणि आदल्या दिवशी चुकीचा बदली खेळाडू उतरवला असेल तर त्याला तिथेच जाब द्यावा लागतो. त्या कारभाराचे दोष मी जवळून पाहिलेत: ईर्ष्या टोकाला जाते, हाणामाऱ्या होतात, पुढाऱ्यांचा पैसा येतो, तिथेही नायजेरियन खेळाडूंवर भिस्त ठेवली जाते. तो नमुना मुंबईसारख्या व्यावसायिक क्लबला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तालीम बंद पडल्याची बातमी एखाद्या डिसेंबरात अचानक वाचायला मिळेल, अशी भीती तिथल्या माणसाला नाही. माझ्या मामाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, ‘‘मालकानं सोडलं म्हंजे? मग पोरं कुठं गेली?’’ त्याला पहिली काळजी पोरांची वाटली.

म्हणून परत आलेल्या मालकांकडून मला काय हवंय, ते इथे सरळ लिहितो. फोर्लानसारखं नाव आणू नका, अशी माझी गळ नाही. आणलंत तर आनंदच आहे. पण त्याआधी सिटी ग्रुपने बसवलेली ती घडी, खेळ ठरवून मग माणसं निवडायची, मोडू देऊ नका. ती घडी सांभाळणारी जी माणसं ऑफिसात उरली असतील, त्यांना पगार वेळेवर द्या. महापालिकेशी अंधेरीच्या मैदानाचा दहा-पंधरा वर्षांचा करार करा आणि त्या कराराच्या अटी आम्हाला कळू द्या. वयोगटाच्या संघांचा खर्च पहिल्या संघाच्या खर्चापासून वेगळा बाजूला ठेवा, म्हणजे उद्या पुन्हा कोणी हिस्सा विकला तरी पंधरा वर्षांखालच्या मुलांचा सराव बुधवारी ठरल्या वेळी होईल.

आणि आम्ही दोन्ही तटांनीही एक करायला हवं असं मला वाटतं. वांद्र्याला नेव्हिल डिसूझा मैदानावर मुंबईच्या स्थानिक लीगचे सामने होतात. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणाऱ्या, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणाऱ्या पहिल्या आशियाई खेळाडूचं नाव त्या मैदानाला आहे. तिथे बघायला मोजकी माणसं असतात, त्यातले बरेचसे आईबाप. मी आमच्या ग्रुपवर लिहिलंय की या हंगामात अंधेरीला सामना नसेल त्या रविवारी तिथे जमूया. ढोल नको, नुसतं बघूया. कुठला मुलगा डोक्यात बसतो ते लिहून ठेवूया आणि क्लबला कळवूया. काका येणार आहेत. ‘मँचेस्टर’ तटातले दोघे आणि ‘कपूर’ तटातले चौघे हो म्हणालेत. मडगावचा मित्र म्हणालाय की मंदारसारखा कोणी दिसला तर आधी त्याला सांगायचं.